बाबांनी सही केली

शोकसभेत शेठजी म्हणाले, "मॅनेजर साब बड़े परिवारवाले आदमी थे." मला त्या वाक्याचा संताप आला, कारण ते खरं होतं.

सभा कारखान्याच्या आवारातच होती. बालाघाटच्या वेशीवरचा कवेलूंचा, म्हणजे छपरावरच्या कौलांचा, कारखाना, आणि माझे वडील तिथले मॅनेजर. परिवारवाले तर ते होतेच. रविवारी सकाळी आम्हा दोघा भावंडांची नखं ते स्वतः कापत. माय धान कापणीला किरनापूरकडे माहेरी गेली की बहिणीची वेणी तेच घालत, आणि इतकी घट्ट घालत की शाळेत तिचं कपाळ दुखे. आम्हाला ताप आला तर रजा घेत नसत, पण दुपारच्या भोंग्याला सायकल हाणत घरी येत, कपाळावर हात ठेवत आणि न जेवताच परत जात. असा बाप मिळाल्याबद्दल मी तक्रार करत नाही. माझी तक्रार आहे ती वेगळी.

छप्पन साली आम्ही धम्म घेतला. आजोबांनी घरातले देव नदीत सोडले तेव्हा बाबा याच कारखान्यात साच्यावर होते. साच्यावरून भट्टीवर गेले, भट्टीवरून सुपरवायझर झाले, आणि दहा-अकरा वर्षांनी मॅनेजर. शेठजींनी खुर्ची दिली ती दया म्हणून नव्हे. कवेलू भट्टीत लावण्याआधी बाबा ते गालाला लावून पाहत. गार लागलं की आत ओल आहे, माल परत मांडवाखाली वाळायला. त्या गालावर अख्खा कारखाना चालत होता आणि शेठजींना ते पक्कं ठाऊक होतं.

पावसाळाभर काम बंद असे, कारण माती वाळत नाही. दसऱ्यानंतर मुहूर्त काढून पहिली भट्टी पेटवत. शेठजींच्या घरची मंडळी यायची, पूजा व्हायची, नारळ फुटायचा. त्या दिवशी भट्टीच्या शेडभोवती दोरी बांधत. आमच्या वस्तीतल्या माणसांनी दोरीच्या बाहेर थांबायचं. माती तुडवणाऱ्या बाया बाहेर, भट्टी रचणारे बाहेर, आणि मॅनेजरही बाहेर. वर्षभर ज्याच्या हुकमाने जाळ चढायचा आणि उतरायचा, त्याचा त्या एका सकाळी विटाळ होत होता.

मी कॉलेजात गेल्यावर एकदा जेवताना विचारलं, "तुमी बाहेर काहून उभे राह्यता?"

"एका दिवसाची गोष्ट आहे, बेटा."

"एकच दिवस, तरी काहून?"

"तू जेव. भात निवून राह्यला."

त्याच वर्षी पाऊस दसऱ्यानंतरही रेंगाळला. बाबांनी शेठजींना सांगितलं, माल ओला आहे, आठ दिवस थांबा. शेठजी म्हणाले, "मुहूर्त क्या आपके लिए रुकेगा?" मग बाबांनी विनवलं की पेटवा, पण दोन दिवस नुसता धूर ठेवा, जाळ चढवू नका. शेठजींनी हो म्हणून मान हलवली. मान हलवायला काय जातं?

मी त्या सकाळी कॉलेज बुडवून तिथे गेलो होतो. शेठजींचे मेहुणे फोटोवाला घेऊन आले होते. फोटोवाला म्हणाला, ज्वाळा दिसत नाहीत. झालं. मेहुण्यांनी शेठजींच्या घरच्या नोकरांना ओंडक्यावर ओंडका आत सारायला लावला. बाबा दोरीबाहेरून सांगत होते, "साब, आंच कम करवाइए, माल गीला है." तीनदा सांगितलं. कोणी वळूनही पाहिलं नाही. दोरी गुडघ्याएवढी उंच होती. पाय उचलला असता तर ओलांडता आली असती. त्यांनी उचलला नाही. मीही उचलला नाही, हे इथेच लिहून टाकतो. थोड्या वेळाने भट्टीच्या पोटात लाह्या फुटाव्यात तसा आवाज सुरू झाला. आतल्या मंडळींना वाटलं, शुभ आवाज आहे. बाबा खाली बसले.

भट्टी निवून उघडली तेव्हा आत नुसते तुकडे होते. दुसऱ्या दिवशी फाटकावर कागद लागला. मॅनेजरच्या हलगर्जीपणामुळे माल फुटला, भट्टी साफ होईपर्यंत पंधरा दिवस काम बंद. खाली बाबांची सही होती, वळणदार, आम्हाला शाळेच्या दाखल्यावर करून द्यायचे तशीच.

मी घरी आरडाओरडा केला. बाबा शांतपणे म्हणाले, "तुही फी आहे. पोरीची शाळा आहे. हा क्वार्टर शेठचा आहे. कागदच तं आहे तो."

"लोक वाचतीन ना."

"लोकाईले वाचता येते कुठं?"

हे माझ्या बापाचं वाक्य आहे. ज्या माणसाने आम्हाला दिव्याखाली बसवून अक्षरन् अक्षर गिरवायला लावलं, त्याचं. आपल्या माणसांच्या अडाणीपणावर भरवसा ठेवून त्यांनी ती सही केली होती. आणि वाचणारा एक निघालाच. त्याने फाटकावर मोठ्याने वाचून दाखवलं. पंधरा दिवस वस्तीतले पुरुष कामासाठी भरवेलीच्या खाणीवर खेटे घालत होते. नळावर बाया मायशी बोलेनाशा झाल्या. माय हंडा घेऊन आली की जागा करून देत आणि तोंड फिरवत. 'शेठचा माणूस' हे नाव बाबांना तेव्हा पडलं. दोन वर्षांनी ते ऑफिसातल्या खुर्चीतच गेले, तोवर ते नाव पुसलं गेलं नव्हतं.

शोकसभेत शेठजी पुढे म्हणाले, "पूरी नौकरी में एक ही गलती हुई उनसे. हमने वो भी भुला दी." शेजारी मुनीमजी मान डोलवत होते. मग शेठजींनी जाहीर केलं की बिटियाला पहिल्या तारखेपासून ऑफिसात हजेरी लिहायच्या कामावर घेऊ. बहीण मॅट्रिक झाली होती. समोर आमच्याच वस्तीतली माणसं बसली होती. त्यांनी ती एक गलती ऐकली आणि खाली पाहिलं.

पत्रक काढायचं, तिथेच ठरवलं. पत्रकं लिहायचा मला सराव होता, वस्तीच्या नळासाठी लिहिली होती, वसतिगृहासाठी लिहिली होती. हे अर्ध्या तासात झालं. मुहूर्त, दोरी, फोटो, ओंडके, सगळं नावगावासकट. छापायला देण्याआधी घरी वाचून दाखवलं.

माय म्हणाली, "पोट्टीची नोकरी लागून राह्यली अन् तुले हे सुचते? गेलेल्या माणसाले अजून काहून फरफटवतं?"

बहीण तांदूळ निवडत होती. म्हणाली, "सहीचं कुठं आहे?"

"कोणत्या सहीचं?"

"बाबाच्या. तू लिवलं का शेठनं नाव लावलं. बाबानं सही केली, हे नाई लिवलं."

"ते लिवलं तं शेठचं फावते."

"नाई लिवलं तं मीच फाटकावर सांगीन का दादाचा कागद खोटा आहे."

"तुही नोकरी जाईन."

"जाऊ दे. पह्यले ते लिव."

मी चिडलो. तिच्यावर, सहीवर, त्या वळणदार अक्षरावर. पण लिहिलं: आमच्या वडिलांनी खोट्या कागदावर सही केली, घर टिकावं म्हणून. त्या एका ओळीला मला अख्ख्या पत्रकापेक्षा जास्त वेळ लागला.

छापून आल्यावर दुपारच्या भोंग्याला मी फाटकावर उभा राहिलो. मुनीमजी येऊन एक कागद घेऊन गेले आणि लगेच परत आले. "बिटिया को बोल देना, पहली तारीख को आने की जरूरत नहीं." इतकंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

माती तुडवणाऱ्या बायांपैकी एक मावशी पुढे आली. कोपरापर्यंत चिखल होता. "वाच," म्हणाली. मी वाचलं. सहीची ओळही वाचली, आवाज न उतरवता. तिने पुरतं ऐकून घेतलं.

"म्हंजे त्याचा कसूर नव्हता."

"नव्हता, मावशी."

"मंग सही कराच्या आंधी आमाले काहून नाई सांगतलं त्यानं? आमी उभ्या राह्यलो असतो ना त्याच्यासंग."

"घरी पोट्टे होते ना, मावशी. त्याईचं पाहावं लागे."

"हौ," ती म्हणाली. "अन् आमच्या घरी कोण होतं?"

तिने लुगड्याला हात पुसले.

"चार कागद दे. माही पोट्टी वाचते. आतल्या बायाईले बी ऐकवते."

मी दिले.