दादाचा बिडाचा पाईप

धाकटीला भडकायला कारण लागत नाही, असं थोरल्या भावाचं, दादाचं, जुनं मत. पण त्या दिवशी कारण चक्क टपटप गळत होतं. वरच्या मजल्यावर दादाचं न्हाणीघर, खाली हिची शिवणाची खोली, आणि कोपऱ्यातून उतरणारा सांडपाण्याचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा पाईप. त्याला उभी चीर गेलेली. आज त्यातलं घाण पाणी थेट शाळेच्या गणवेशांवर सांडलं. पांढरे सदरे! उद्या पोचवायचे होते. हे काम गेलं तर शाळा पुन्हा हिच्या दाराकडे वळूनही बघणार नव्हती.

"आता पुरे झालं!" म्हणत तिनं प्लंबरला बोलावलं.

दादानं जन्मभर बिडाच्या कारखान्यात ओतकाम केलेलं. प्लास्टिकचा पाईप म्हटला की त्याच्या कपाळाला आठी. चिरेवर त्यानं आधी सिमेंट थापलं, मग डांबर फासलं, मग पत्रा गुंडाळून तार आवळली. दर वेळी ऐटीत सांगायचा, "आता तुझ्या नातवंडांपर्यंत बघायला नको." चार दिवस जात नाहीत तोच पुन्हा टपटप. हिनं खालून ओरडायचं, त्यानं वरून "बघतो गं" म्हणायचं. बघतोय कसला, डोंबल!

प्लंबरनं वरचा पाईप लोखंडी पट्टीनं भिंतीशी जखडला. "नाहीतर खालचं कापलं की वरचं सगळं अंगावर येईल, काकू." त्यानं कटर उचललं, तेवढ्यात दादा हातोडी घेऊन जिना उतरला.

"खबरदार! बीड आहे ते. अजून खणखणीत आहे."

"मग वाजव की!" धाकटी कडाडली. "वाजवून दाखव मला!"

कारखान्यात त्याची ती पद्धतच होती. ओतलेला नग हातोडीनं हलकेच ठोकायचा. खणखणला तर पास, बद्द वाजला तर परत भट्टीत. त्याच्या कानापुढे कुणाची वशिलेबाजी चालत नसे. दादानं पाईपवर ठोका दिला. बद्द. जरा वर दिला. बद्द. गंजाचा पापुद्रा सुटून सदऱ्यांवर पडला.

त्याचा चेहरा उतरला. "काप," तो प्लंबरला म्हणाला. "रबराचे जोड घाल नि प्लास्टिकच बसव."

आता तरी हिनं गप्प बसावं की नाही? पण हिच्या डोक्यात तिडीकच गेली. "वर्षभर मी बोंबलतेय, दादा! पाईपचं दोन ठोक्यांत ऐकलंस. माझं का नाही ऐकलंस रे?" बोलता बोलता तिचा आवाज फाटला.

कटर घरघरलं, सडका तुकडा निघाला. दादानं ओले सदरे कवेत घेतले. "धुऊन आणतो," म्हणत तो जिन्याकडे निघाला.

"अरे, वर पाणी सोडशील! पाईप उघडा आहे!" ती किंचाळली.

तो जागच्या जागी थांबला. पहिल्याच हाकेला. मग सदरे सावरत बाहेरच्या नळाकडे वळला.