नवा तांदूळ

गेल्या नवरात्रात मी नऊ दिवसांचा कडक उपास धरला होता. पण मन देवीत नव्हतं. मन अडकलं होतं एका पोरीच्या ताटात, आणि तेही रागानं.

मी चंद्रपुरात मुलींच्या होस्टेलची बाई. फर्स्ट इयरच्या पोरी रुळेपर्यंत त्यांना सांभाळणं हे माझं काम. त्यातली एक एटापल्लीकडच्या जंगलातली, माडिया आदिवासी घरची. तिच्या गावातून कॉलेजात आलेली पहिलीच मुलगी. त्या आठवड्यात मेसमध्ये हलक्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या धानाचा नवा तांदूळ आला आणि हिनं भात सोडला. विचारलं तर खाली मान घालून म्हणाली, "भात नाई चालत, मॅडम." माझं डोकंच फिरलं. सगळ्या पोरींसमोर मी म्हणाले, "घरी काय रोज पुरणपोळ्या खात होतीस? नखरे इथं चालणार नाहीत." पोरी खदखदून हसल्या. ती ताट उचलून उठली.

अष्टमीला सकाळी कळलं, ती बॅग घेऊन निघून गेली. गेली तर गेली, असं म्हणून मी महाकालीच्या देवळात गेले. पण ही पोर आता घरी गेली की परत यायची नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं.

देवळाबाहेर कोणी दहीभात वाटत होतं. मी म्हटलं, "उपास आहे." त्यानं लगेच हात जोडले. माझ्या बाजूला एक अनोळखी म्हातारी बसली होती. तिनं विचारलं, "नवा तांदूळ होय का?" तो हो म्हणताच तिनं द्रोण कपाळाला लावून परत दिला. मी तिच्याकडे बघतच राहिले, तर म्हणाली, "आमच्या गावच्या देवाले अजून नवं वाहलं नाई, बाई. त्याच्याआधी आमी तोंडात नाई घालत. देवीले समजते."

देवीला समजतं. मला समजलं नव्हतं! माझा तो उपास आणि त्या पोरीचे ते नखरे? शरमेनं मला त्या म्हातारीकडे पाहवेना.

ऑटो करून बसस्टँडवर पोचले. एटापल्लीची गाडी कधीचीच सुटायला हवी होती, पण चाक पंक्चर होऊन ती तिथंच उभी होती. पोर खिडकीशी बसली होती. "माझं चुकलं गं," एवढंच बोलले आणि मला भोवळ आली. तिनं उठून मला आपल्या जागेवर बसवलं. म्हणाली, "बसा, मॅडम. तुमी उपाशी. तुमच्यासमोर कसं खाव, म्हणून मी रोज पोळी घेऊन वर जात होती."

मी पदरात तोंड घालून रडले. एवढ्या दिवसांत तिची ही गोष्ट माझ्या लक्षातही आली नव्हती.

तिला म्हटलं, घरी जा, देवाला नवं वाहा, पोटभर खा आणि परत ये. दिवाळीनंतर ती आली. आता नव्या पोरी आल्या की मी आधी विचारते, तुमच्या घरी काय चालतं, काय नाही? आणि गप्प बसून ऐकते.

ती म्हातारी कोण, गाडी का थांबली, याच्या खोलात मी जात नाही. फक्त हात जोडते. आई, अन्न सोडलं, मीठ सोडलं, तुझ्यापायी सगळं सोडलं म्हणून मिरवत होते. जीभ तेवढी स्वतःकडे ठेवली होती. आता तीही तुझ्या पायाशी ठेवते.