मॅनिफोल्डचा आवाज

शर्यतीच्या गाड्यांच्या त्या गॅरेजात सगळे त्याला वस्ताद म्हणत. नावाने हाक मारणारी बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागे उरली लेक, आणि लेकीने पसंत करून आणलेला जावई. जावई घाटरस्त्यांच्या शर्यतींत गाडी चालवायचा, आणि ती गाडी वस्तादाच्या हातची असायची.

वस्तादाचा हात बसलेला होता तो अँटी-लॅगवर. नव्याने लागलेल्या फिटरला तो सांगायचा, "टर्बो म्हणजे इंजिनच्या धुरावर फिरणारा पंखा. तो फिरला की इंजिनात हवा कोंबतो आणि गाडी सुटते. वळणावर पाय उचललास की धूर आटतो, पंखा पेंगतो. परत पाय दिलास तरी त्याला जाग यायला क्षण जातो. तेवढ्यात मागचा पुढे."

"मग?"

"मग त्याला पेंगूच द्यायचं नाही. तेच अँटी-लॅग. पाय उचलला तरी पेट्रोल आणि हवा चालू ठेवायची, ठिणगी मात्र उशिरा पाडायची. पेट्रोल इंजिनात जळायच्या ऐवजी बाहेर, धूर टर्बोकडे नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या नळ्यांत भडकतं. त्या भडक्यावर पंखा फिरत राहतो."

"आणि मॅनिफोल्ड?"

"ते भोगतं. एकाने पळायचं तर दुसऱ्याने भोगायचं, संसारासारखंच."

वळणावळणाला बंदुकीसारखे बार उडत, नळ्या लालभडक होत. असं लोखंड कधी दगा देईल याचा नेम नसतो. म्हणून प्रत्येक शर्यतीआधी वस्ताद मॅनिफोल्ड उतरवून आकड्याला टांगायचा आणि लहान पान्याने हलकेच ठोकायचा. धडधाकट लोखंड घंटेसारखं गुणगुणतं, तडा गेलेलं नुसतं थप करतं. डोळ्याला न दिसणारा तडा त्याच्या कानाला सापडायचा. बाकीची गॅरेजं औषध फवारून तडे शोधत. इथे वस्तादाने वाजवलं म्हणजे झालं.

मात्र त्या बारांशेजारी त्याने उभं आयुष्य उघड्या कानांनी काढलं होतं. कान झाकले तर इंजिन काय म्हणतं ते कळणार कसं, असं तो म्हणायचा. आधी फोनची घंटी गेली, मग किटलीची शिटी, आणि मागच्या हंगामात लोखंडाचं ते गुणगुणणंही गेलं. ओठ वाचायला तो आपला आपणच शिकला. लेक म्हणायची, "बाबा, तुमचा टीव्ही शेजारच्यांनाच जास्त ऐकू येतो." तो हसून वेळ मारून न्यायचा.

या हंगामातल्या पहिल्या शर्यतीच्या सकाळी त्याने मॅनिफोल्ड टांगलं, ठोकलं. काहीच नाही. नळीला बोटं लावून पुन्हा ठोकलं. बोटांना थरथर लागल्यासारखी वाटली, किंवा बोटंच थरथरत असतील. फळीवर नवं मॅनिफोल्ड होतं, बसवायला वेळही होता. पण जुनं का काढलं असं कुणी विचारलं तर सांगणार काय? तडा आहे म्हणावं, आणि दुसऱ्या कुणी ठोकल्यावर ते गुणगुणलं तर? कान गेलेल्या वस्तादाला गॅरेजात कोण ठेवणार?

जावई समोर येऊन उभा राहिला. ओठ हलले. "काय म्हणतंय, मामा?"

"खणखणीत आहे," वस्ताद म्हणाला.

"मग देव पावला," म्हणत जावयाने हातमोजे चढवले.

घाटाच्या पायथ्याशी माणसं उभी होती. अचानक सगळ्यांच्या माना एकदम वर वळल्या. त्यांच्याकडे पाहून वस्तादाने मान वळवली. वर काळा धूर होता.

उतारावरच्या वळणावर जावयाने पाय उचलला तेव्हा मॅनिफोल्ड उभं फाटलं होतं. भडका टर्बोकडे जायच्या ऐवजी पेट्रोलच्या नळीवर गेला. जावई बाहेर पडला, पण पट्टा सोडवताना हातमोजे बोटांना चिकटले. उजव्या हाताची बोटं वाचणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

इस्पितळाच्या व्हरांड्यात लेक बापासमोर येऊन बसली, त्याला ओठ दिसतील अशी.

"वाजवून पाहिलं होतं ना, बाबा?"

"पाहिलं."

"वाजवलं का, ते नाही विचारत मी. ऐकू आलं होतं का?"

वस्तादाने मान खाली घातली. तिने त्याची हनुवटी धरून वर केली.

"नाही," तो म्हणाला.

ती रडली नाही, ओरडलीही नाही. डोळे पुसावेत तसा हात चेहऱ्यावरून फिरवून म्हणाली, "आत जा. त्याला तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही."

खोलीत औषधाचा वास होता. जावयाचे दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत कोपरापर्यंत गुंडाळून उशांवर ठेवले होते. वस्ताद खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला आणि एका दमात बोलला: कान कधीपासून गेले, त्या सकाळी काहीच ऐकू आलं नव्हतं, फळीवर नवं पडलं होतं. आपला आवाज किती मोठा निघतोय हेही त्याला कळत नव्हतं. दारातली नर्स आत डोकावून गेली.

जावयाने त्याच्याकडे पाहिलं. मग तोंड भिंतीकडे फिरवलं आणि काहीतरी बोलला. मानेची शीर हलताना वस्तादाला दिसली. वाक्य लांबलचक होतं. मध्ये एकदा थांबून तो पुन्हा बोलू लागला.

पुन्हा सांग, असं म्हणायचा धीर वस्तादाला झाला नाही. जावयाचे खांदे हलायचे थांबेपर्यंत तो तिथेच उभा राहिला, आणि मग बाहेर आला.

"काय म्हणाला?" लेकीने विचारलं.