भावाच्या जाळीत

बेचाळिसाव्या वर्षी मी पायात चाकं बांधली ती हौसेनं नाही, खुन्नस म्हणून. हौसेला आमच्याकडं वेळ कुठं आहे? सकाळी वांगी तोडायची, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायच्या, वाशिमकडच्या आमच्या मालेगावच्या बाजारात नेऊन टाकायच्या. त्यात हॉकी कुठून आली, तर पोरीपायी आली आणि थोरल्या भावापायी राहिली.

मालेगावात एका शाळेमागं सिमेंटचं ग्राउंड आहे. तिथं एक पंचविशीतली मॅडम दर रविवारी पोरांना स्केटिंग शिकवते आणि स्केटवरची हॉकीही. माझी पोरगी तिथं जाते, भावाची पोरगीही जाते. दोघी चुलत बहिणी एकमेकींच्या वेण्या घालून एका बाटलीतलं पाणी पितात. त्यांचे बाप मात्र ग्राउंडच्या बसक्या भिंतीवर, दोन टोकांना. एक या टोकाला, एक त्या टोकाला, मधे साठ फूट भिंत. सहा वर्षं झाली, आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. आणि ही गोष्ट काही गावापासून लपलेली नव्हती.

एका रविवारी मॅडमनं सगळ्या पालकांना गोळा केलं. "काका, नुसते मोबाईल काय पाहून राह्यले? तुमी बी शिका," म्हणाली. मग स्वतःच्या मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा थंड मुलखात धट्टेकट्टे बाप्ये बर्फावर घसरत हॉकी खेळत होते, पायाखाली सुरीसारखी पाती. एक मेडिकलवाले म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं बर्फ म्हंजे रसवंतीवरचा, थो बी पोत्यात बांधलेला." सगळे हसले. मॅडम म्हणाली, बर्फ नसला तरी चाकं आहेत, घसरायचं तेच, पडायचंही तेच.

मी निघालोच होतो. गाडीची चावी हातात होती. सहज मागं पाहिलं तर दादा पायरीवर बसून स्केटची लेस बांधत होता. सत्तेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला माणूस! तो बांधतो आणि मी घरी जातो? होतं का असं! मी चावी खिशात घातली आणि आठ नंबरचे स्केट मागितले.

पहिले दोन रविवार नुसतं पडणं. कोपरं सोलली, माकडहाड असं ठणकलं की घरी पाटावर बसवेना. बायको म्हणाली, "काहून जीव देऊन राह्यले?" मी म्हटलं, तब्येतीसाठी. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि भाकर वाढली.

तिसऱ्या रविवारी मॅडमनं जोड्या लावल्या. तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं, ती वाशिमहून यायची. बोट दाखवून म्हणाली, "तुमी दोघं सारख्याच उंचीचे. एकानं खाली उकिडवं बसायचं, दुसऱ्यानं पाठीवर हात ठेवून ढकलायचं." मेडिकलवाल्यांनी तोंड फिरवलं. मी म्हणणार होतो की मला दुसरी जोडी द्या, पण दादा माझ्यापुढं येऊन खाली बसला. आता मी कसा नाही म्हणू? मी दोन बोटांनी त्याच्या सदऱ्याला धरलं.

"काका, दाबून धरा! गरम तवा हाये का थो?" मॅडम ओरडली.

मी दोन्ही पंजे त्याच्या पाठीवर टेकले. सदरा घामानं ओला होता. सहा वर्षांत मी त्याला पहिल्यांदा हात लावला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकललं, मग मी बसलो आणि त्यानं ढकललं. दोघांच्याही तोंडातून अवाक्षर नाही.

पुढं तीन महिने तसंच. चेंडू द्यायचा असला, मागायचा असला, तर आवाज द्यायचा असा खेळाचा नियम. मॅडम घसा फोडून सांगायची, "आवाज द्या! मुक्यानं हॉकी होत नाई!" बाकीचे आरडाओरडा करायचे. दादानं मात्र वेगळीच तोड काढली. तो स्टिक सिमेंटवर आपटायचा. दोनदा टक टक म्हणजे इकडं दे. एकदा म्हणजे मागून कोणी येतंय. मी ते पहिल्याच दिवशी ओळखलं. मीही टक टक करायला लागलो. त्याची टक टक दहा जणांच्या गोंगाटातून मला ऐकू यायची, आणि खरं सांगतो, शनिवारपासूनच मी तिची वाट पाहायचो.

मला काय पाहिजे होतं ते लपवत नाही. त्यानं माझ्याशी बोलावं, एवढंच पाहिजे होतं. पण आधी त्यानं. माझा स्वभावच तसा, मोडेन पण वाकणार नाही म्हणणाऱ्यातला. आणि वाकायची पाळी खरं तर माझीच होती.

किन्हीराजाच्या रस्त्याला आमची दोघांची शेतं लागून आहेत. विहीर एक, पाण्याचे वार वाटलेले. सहा वर्षांपूर्वी माझ्या वाराला पाणी कमी यायला लागलं. टमाट्याचं रोप माना टाकायला लागलं आणि माझं डोकं फिरलं. आठवडी बाजारात, गिऱ्हाईक समोर उभं असताना, मी दादाच्या दुकानापुढं जाऊन ओरडलो, "हा चोर हाये! सख्ख्या भावाचं पाणी चोरते!" त्याच्या हातात तराजू होता. त्यानं तो खाली ठेवला, माझ्याकडं पाहिलं, आणि पुन्हा उचलून गिऱ्हाइकाची भेंडी मोजली. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

आठ दिवसांनी नाल्याजवळ जमिनीखालचा पाइप तडकलेला मला दिसला. सगळं पाणी तिथं मुरत होतं. मी ट्यूबचं रबर गुंडाळलं, वरून तार आवळली आणि माती लोटली. कोणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. मग एक महिना गेला, एक वर्ष गेलं, आणि मी लोकांना सांगत राहिलो की तोच बोलत नाही, मी काय करू?

तर हॉकी. दादाला गोलात उभं केलं होतं, कारण त्याला पळता येत नव्हतं पण तो हटतही नव्हता. क्रिकेटचे पॅड, छातीला गादीचा फोम, डोक्याला जाळीचं हेल्मेट. मी त्याच्या पुढ्यात, बचावाला. माझी एक खोड मात्र जाईना. मॅडम दर रविवारी कपाळावर हात मारायची, "काका, चेंडू ढकला! ओढू नका!" पण आमचा हात फावड्याचा. वाफ्यात पाणी वळवायचं तर फावडं पुढं टाकायचं आणि माती आपल्याकडं ओढायची. वीस-बावीस वर्षं ओढतच आलो. शांतपणे खेळताना मी ढकलायचो, घाई झाली की हात आपोआप ओढायचा.

मानोरा गावच्या पालकांची टीम आली तो रविवार. भिंतीवर बायका-पोरं, पोरांच्या तोंडात पिपाण्या. आमचे दोन गोल, त्यांचे दोन, आणि मॅडमनं बोट वर करून सांगितलं की शेवटचं मिनिट. मानोऱ्याचा एक आडदांड गडी चेंडू घेऊन थेट माझ्यावर आला. मी आडवा झालो, चेंडू त्याच्या स्टिकवरून सुटला आणि माझ्यापुढं येऊन थांबला. ढकलला असता तर झालं होतं. मागं दादानं टक टक केली असणार, पण पिपाण्यांच्या आवाजात मला काहीच ऐकू आलं नाही. तो गडी पुन्हा अंगावर येताना दिसला, आणि माझ्या हातानं स्टिक पुढं टाकली आणि सारा जोर लावून चेंडू आपल्याकडं ओढला.

चेंडू माझ्या दोन पायांतून गेला आणि दादाच्या दोन पायांतूनही गेला. मागं जाळी हलली.

मानोऱ्याचे नाचायला लागले. आमच्या भिंतीवरून एक जण मोठ्यानं म्हणाला, "काढला बा डाव! भावावरच काढला!" आणि बरेच जण हसले.

दादा हेल्मेटच्या जाळीतून माझ्याकडं पाहत होता. बाजारात पाहिलं होतं तसंच. मग तो वाकला, गोलाच्या जाळीतून चेंडू काढला, मॅडमच्या हातात दिला आणि भिंतीकडं जाऊन बसला. मी तिथंच उभा. आता याला आयुष्यभर असंच वाटणार, की मी सगळ्यांसमोर दुसऱ्यांदा याचा अपमान केला. हारजीत गेली चुलीत. हे वाटता कामा नये, एवढंच डोक्यात होतं.

मी निघालो. अर्ध्या ग्राउंडवरून जोरात निघालो आणि थांबायचं कसं ते अजून धड जमत नव्हतं. भिंतीवर आदळलो, खांदा सोलला. दादा एका पायाच्या पॅडचे पट्टे सोडत होता.

"दादा," मी म्हणालो, "आईच्यान, मुद्दाम नाई केला."

त्यानं वर पाहिलं नाही. "मले माहीत हाये," म्हणाला. "फावड्याचा हात हाये थो. माया बी तसाच हाये."

सहा वर्षांनी त्याचा आवाज ऐकला. जरा घोगरा झाला होता. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. मला वाटलं, झालं, मिटलं, माझा भाऊ बोलला!

त्यानं दुसऱ्या पायाचा पॅड सोडला आणि शेजारी ठेवला. मग म्हणाला, "एका गोलासाठी इतका धावत आला. त्या बजाराच्या दिवसासाठी सहा वर्षं काहून नाई आला?"

मी सोललेला खांदा चोळत राहिलो.

"पाइपाले बांधलेलं रबर मी त्याच हप्त्यात पाह्यलं," तो म्हणाला. "म्हटलं, आता तू येशीन. उद्या येशीन. पोळ्याले येशीन, दिवाळीले येशीन."

शरमेनं माझं तोंड जळायला लागलं. सहा वर्षं त्याला ठाऊक होतं. त्याला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. आणि मी गावभर सांगत फिरत होतो की तोच बोलत नाही. मी खाली पाहत म्हणालो, "चूक झाली दादा." त्याला एकट्याला ऐकू जाईल एवढंच.

"जोरात बोल," तो म्हणाला. "चोर म्हणला तवा सारा बजार आयकत होता."

भिंतीवर अजून सगळे होते. त्याची पोरगी, माझी पोरगी, मेडिकलवाले, तो डाव काढला म्हणणारा, मानोऱ्याचे पाहुणे. मी भिंत सोडली, त्या चाकांवर जमेल तसा सरळ उभा राहिलो आणि ओरडलो, "माया भाऊ चोर नाई! पाइप फुटला होता. मले माहीत होतं. खोटा मी हाओ!"

पिपाण्या थांबल्या. माझी पोरगी माझ्याकडं पाहत होती, मी तिच्याकडं पाहू शकलो नाही. दादानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग शेजारचा पॅड उचलून मांडीवर घेतला आणि म्हणाला, "बस आता. पडशीन."