पुढच्या दांड्याचा मानकरी

राजांच्या थडग्यांच्या दरीतून अर्धा चढ चढून झाला तेव्हा पेन्दुआ थांबला. खांद्यावरची चटई दगडावर टाकून तो बसला, म्हणून मागून येणाऱ्या नखीलाही बसावं लागलं. आठ दिवस दरीत काम आणि दोन दिवस घरी, असा कारागिरांचा नेम. घरच्या वाटेवर सहसा कोणी टेकत नसे.

"दम लागला होय, काका?"

"दम तुला लागलाय. मी आपला तुझ्यासाठी थांबलो."

पेन्दुआ गिलावा करणारा. चोवीस वर्षं तो थडग्यांच्या भिंती गुळगुळीत करत आला होता. त्यांवर चित्रं काढायची ती दुसऱ्यांनी. नखांतला पांढरा गाळ सणावारीही निघत नसे. त्याची बायको हेनुत म्हणायची, "यांच्या हातची भाकरी खाल्ली तर पोटात भिंत उभी राहील."

गावात त्याला मान होता तो मात्र खांद्याचा. सणाला गावचा देव पालखीत निघे आणि लोक त्याला आपले तंटे विचारत. देव पुढे सरकला तर हो, मागे हटला तर नाही. पुढच्या दांड्याला अकरा वर्षं पेन्दुआच होता. नखी मागच्या दांड्याला असे.

हेनुत थंडीत गेली. तिचा देह मीठ लावून, कापडात गुंडाळून तयार होत आला होता. त्याला लागणारे सत्तर दिवस परवा भरत होते. तिला तिच्या बापाच्या थडग्यात ठेवावं, असं पेन्दुआचं म्हणणं. तिचा भाऊ म्हणे, थडगं माझं, बहिणीने नवऱ्याच्या जागेत जावं. नवऱ्याला जागाच नव्हती. लोकांच्या भिंती करता करता स्वतःची राहून गेली. उद्या हा तंटा देवापुढे जायचा होता.

"तुम्हाला कसली काळजी?" नखी म्हणाला. "दांडा तुमच्याच खांद्यावर. काकूंची जागा पक्की समजा."

पेन्दुआ हसला नाही.

"सहा वर्षांमागे दोघी बहिणी घरावरून भांडत आल्या होत्या, आठवतं? धाकटीने विचारलं, घर माझं का? देव पुढे गेला."

"गेला की. साऱ्या गावाने पाहिलं."

"माझा पाय खड्यावरून घसरला होता, नख्या. थोरली बहीण पोरं घेऊन गाव सोडून गेली."

नखीने कांदा फोडला आणि अर्धा त्याच्यापुढे धरला.

"मग पाय कोणी घसरवला? खडा काय धाकटीचा मामा लागत होता?"

"सहा वर्षं मीही मनाला हेच सांगतो. कधी पटतं, कधी नाही." पेन्दुआने कांदा नुसताच हातात धरला. "उद्या देव पुढे गेला, तर हेनुतला तिथं देवाने ठेवलं की मी, हे मला मरेपर्यंत कळायचं नाही. मेल्यावर तिकडं देव तिचं काळीज ताजव्यात घालून पापपुण्य तोलतील. लाटलेल्या जागेतून तिने तिथं जाऊ नये."

"आणि मागे हटला तर?"

"तर वाळूत खड्डा खणीन. वाळूही देवाचीच."

खालून बाकीच्या माणसांचे आवाज जवळ येऊ लागले. पेन्दुआने चटई उचलली, पण उठला नाही.

"उद्या मी पालखीला हात लावणार नाही. माझ्या जागी तू लाग," तो म्हणाला. "आणि एवढं कर, बाबा, माझी दया येऊ देऊ नकोस."