नाइटनंतरची दुपार

पोळ्याचा दुसरा दिवस, गौरी जेवल्या तो दिवस आणि दसरा. या तिन्ही दिवशी, रात्रपाळी करून घरी आलेल्या परिचारिकेस भरदुपारी फोन करून पुन्हा दवाखान्यात बोलावण्यात आले. जबाबदार व्यक्ती: प्रथम, इनचार्ज सिस्टर, द्वितीय, त्यांना मोकळीक देणारे वैद्यकीय अधीक्षक.

वाचकहो, तुमच्याही शेजारी अशी एखादी सिस्टर राहत असेल. ही आमची भाडेकरू, कुंभार पिंपळगावची. दारात दिसली की विचारण्याआधीच सांगायची, "झोपले न्हाई काका, नुसती पडले होते."

मी कोर्टातला निवृत्त कारकून. नियम सांगू लागलो की हसायची. "आधी त्या भोंग्यावाल्या भंगारवाल्याला कलम लावा बरं काका. मंग आमच्या म्याडमचं बघू."

बोलावून काम काय, तर कपाटाची चावी कुठे ठेवली, हे चारचौघांसमोर विचारायचे. मग, "जा, झोपा आता."

एकदा आमच्या सौ.ने तिचा फोन स्वतःकडे ठेवला आणि वाजताच उचलला. "लेकरू झोपलंय बाई, संध्याकाळी करा."

"राणीसरकारनी दासी ठेवली का?" पलीकडून इनचार्ज सिस्टरचे उत्तर आले.

पुढच्या आठवड्यातही तिला रात्रपाळीच लागली. त्यानंतर तिने फोन कुणाला दिला नाही. उशाशी ठेवायची आणि तो न वाजताच दचकून उठायची, सुटीच्या दिवशीसुद्धा. "जागरणाचं काही न्हाई, काका. फोन येईल, फोन येईल म्हणून डोळाच लागून न्हाई राह्यला."

एका सकाळी ती ड्यूटीवरून आली आणि चप्पल न काढता पायरीवरच बसली. "भलतीच बाटली घेतल्ती, काका. सुईत भरलं पण होतं. वार्डातल्या लेकराला द्यायचं होतं. त्याच्या आईनं इचारलं, कालचंच औषध ना सिस्टर? म्हणून बाटलीवरचं नाव परत वाचलं."

हे तिने स्वतः जाऊन अधीक्षकांना सांगितले. साहेब म्हणाले, "घरून झोप पूर्ण करून येत जा."

तिने राजीनामा दिला. सौ. रडू लागली, तेव्हा तीच समजूत काढत होती. "नोकरी दुसरी भेटंल, काकू. त्या माउलीला लेकरू दुसरं कुठून देऊ?"

तिच्या खोलीत आता नवी सिस्टर राहते. काल दुपारी तिचा फोन वाजला आणि ती ओल्या केसांनीच दवाखान्याकडे निघाली.

अधीक्षक महोदय, येत्या ग्रामसभेत उभे राहून सांगा: रात्रभर राबलेल्या परिचारिकेची झोप मोडण्याची परवानगी कोणत्या नियमाने दिलीत? उत्तर मला नको. ज्यांच्या लेकरांना ती उद्या सुई टोचणार आहे, त्यांना द्या.