पासचा अभ्यासक्रम

सुनेने नातवाच्या छातीला निलगिरीचं तेल चोळलं, आणि त्या वासासरशी मी गावी, रनाळ्याला, मायच्या खाटेपाशी जाऊन बसलो. स्वातंत्र्याआधीचे दिवस. तिला क्षय होता, तिच्या छातीलाही हेच तेल चोळत; मी मुंबईला बी.एस्सी. करत होतो. ऑनर्स घेतलं तर सुट्टीतही प्रयोगशाळेत राहावं लागणार होतं. पासचा अभ्यासक्रम सोपा होता.

"माय, मी पासच लेस. दिवाळीले घर येसू."

तिने भिंतीकडे तोंड वळवलं. "मन्हामुये सोपं लिधं ना तू?"

"नही, तुन्हामुये नही," मी खोटंच म्हणालो. तिचे खांदे हलत राहिले.

दिवाळीआधीच ती गेली. ऑनर्स निवडण्याची मुदतही तोवर टळली होती. पुढे जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, पुस्तकात होतं तेवढंच. तेव्हा वाटलं होतं, ती माझ्या ऑनर्ससाठी रडतेय. आता वाटतं, दिवाळीपर्यंत आपण उरणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि ते मला सांगणं तिला जमत नव्हतं.